चिपसेटच्या पंख्याचे उपद्रवमूल्य

संगणकातील आवाजांचा अभ्यास करू लागताच एक नियम मान्य करावा लागतो, तो असा की यंत्रातील एखाद्या भागाचा आकार आणि त्याचे उपद्रवमूल्य यांचे प्रमाण व्यस्त असते. कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाचे सारे अवयव ज्यात बसवले जातात त्या पत्र्याच्या पेटीत, १२० किंवा १४० मिलिमीटर व्यासाचे तीन-चार पंखे, प्रोसेसरच्या डोक्यावरचा एक, ग्राफिक्स कार्डाचे दोन-तीन आणि वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसच्या पोटातला एक, अशी थोराड मंडळी खालच्या पट्टीत आपापले काम करीत असतात. आणि त्या सर्वांच्या नाकावर टिच्चून मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यातला जेमतेम ४० मिलिमीटरचा पंखा शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातो. शांत संगणक बांधू पाहणाऱ्याने मोठे पंखे निवडण्यात महिना घालवलेला असतो, रबरी खुंट्या लावून ते पत्र्यापासून अलग टांगलेले असतात, पेटीला आतून फोमचे अस्तर दिलेले असते. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर जी चीं-चीं ऐकू येते ती करणारी वस्तू त्याने निवडलेलीच नसते, ती मदरबोर्डाबरोबर आयती आलेली असते.

शांत संगणकाची व्याख्या निरनिराळ्या पंथांत निरनिराळी केली जाते. मवाळ पंथाच्या मते रात्री काम करताना घरातील इतरांची झोप मोडली नाही की संगणक शांत. जहाल पंथाच्या मते संगणक चालू आहे की बंद हे त्याच्या दिव्याकडे पाहिल्यावाचून कळता कामा नये. मोजमापाच्या भाषेत जहालांचे उद्दिष्ट एक मीटर अंतरावर सुमारे २० डेसिबल असे सांगता येईल. डेसिबल हे आवाज मोजण्याचे परिमाण लघुगणकी आहे, म्हणजे त्यात दहाची भर पडली की ध्वनीची शक्ती दसपट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि शून्य डेसिबल याचा अर्थ आवाजाचा अभाव असा होत नसून निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येईल इतका आवाज असा होतो. आवाज मोजण्याची पद्धत आयएसओ ७७७९ या आंतरराष्ट्रीय मानकात घालून दिलेली आहे, परंतु जहाल पंथीय तिच्यावर अवलंबून राहत नाहीत. ते रात्री एक वाजता, खिडक्या लावून, पुठ्ठ्याची नळी कानाला लावून पेटीच्या चारही बाजूंनी फिरतात, आणि कोणता पंखा बोलतो आहे हे ठरवण्यासाठी एकेका पंख्याच्या मध्यभागी बोट टेकवून त्याला क्षणभर थांबवतात.

ज्याच्यामुळे हा प्रदक्षिणेचा योग येतो तो चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्याबाहेरचे जग यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारी चिप. यूएसबीच्या खाचा, डिस्क, नेटवर्क, जादा कार्डे अशा अनेकांचे बोलणे तिच्यामार्फत प्रोसेसरकडे जाते, आणि या मध्यस्थीत ती तापते. ही उष्णता किती, याचा आकडा ऐकल्यावर मात्र सगळ्या प्रकरणाचा गांभीर्यभंग होतो. २०१९ साली एएमडी कंपनीने आणलेल्या एक्स५७० या चिपसेटचा, ज्याच्यामुळे या पंख्याचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले, उष्णतेचा आकडा होता सुमारे ११ वॅट. त्याच पेटीत शंभर-दीडशे वॅट ओकणारा प्रोसेसर आणि दोन-तीनशे वॅटचे ग्राफिक्स कार्ड नांदत असताना कटकट व्हावी ती या ११ वॅटांची, हे कोणत्याही न्यायाला धरून नाही. पण भौतिकशास्त्राला धरून आहे.

पंख्यांच्या अभियांत्रिकीतील जुन्या सूत्रांनुसार सारख्याच घाटाच्या दोन पंख्यांनी ढकललेल्या हवेचे प्रमाण त्यांच्या फिरण्याच्या वेगावर आणि व्यासाच्या घनावर अवलंबून असते. ४० मिलिमीटरचा पंखा १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या एक तृतीयांश, म्हणून तेवढीच हवा ढकलायला त्याला सत्तावीसपट वेगाने फिरावे लागेल. मोठा पंखा मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर धाकट्याला २७,००० घ्यावे लागतील. सुदैवाने चिपसेटला तेवढ्या हवेची गरज नसते, त्यामुळे धाकटा चार-सहा हजारांवर भागवतो. परंतु आवाजाची शक्ती वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला की आवाज जवळजवळ १५ डेसिबलने चढतो, आणि या सूत्रापुढे कोणाचीही काटकसर टिकत नाही.

शिवाय आवाज किती यापेक्षा तो कसा, हा प्रश्न कानाच्या दृष्टीने अधिक नाजूक आहे. पंख्याचे पाते दर वेळी एखाद्या आधारपट्टीजवळून गेले की हवेला एक धक्का बसतो, आणि सेकंदाला असे जितके धक्के बसतात तितक्या कंपनसंख्येचा सूर उमटतो. मिनिटाला ९०० फेरे घेणाऱ्या सात पात्यांच्या मोठ्या पंख्याचा सूर १०५ हर्ट्झचा येतो. इतक्या खालच्या सुराला मानवी कान जवळजवळ बहिरा असतो, इतका की ध्वनिमापनात कानाच्या या उणिवेपोटी १०० हर्ट्झच्या आसपास १९ डेसिबल सरळ वजा केले जातात. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या सात पात्यांच्या चिमुकल्या पंख्याचा सूर येतो ७०० हर्ट्झ, म्हणजे हार्मोनियमवरच्या पांढरी चारच्या अगदी लगत, तोही वरच्या सप्तकातला, आणि तेथे कानाकडून कसलीही सूट मिळत नाही. मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर निघतात ते आणखी वर, म्हणजे दोन ते पाच हजार हर्ट्झच्या ज्या पट्ट्यात कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या दिशेने सरकतात. गायक इतका वेळ एकाच स्वरावर उभा राहिला असता तर श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पंखा आठ तास राहतो, वर्षभर राहतो, आणि हळूहळू उतरूही लागतो.

उतरण्याचे कारण बेअरिंग. स्वस्त पंख्याचा दांडा बुशमध्ये फिरतो, म्हणजे तेल मुरवलेल्या साध्या नळीत, आणि उष्णतेने ते तेल आटत जाते; चिपसेटचा पंखा तर तापलेल्या धातूवरच बसवलेला आणि बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या गरम पोटाखाली, त्यामुळे त्याच्या नशिबी तेल टिकणे नसते. सुरुवातीची स्वच्छ चीं काही महिन्यांनी घरघरीत बदलते, मग थंडीच्या सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे खरखर येते आणि नंतर थांबते, मग थांबत नाही. यावर महाराष्ट्रातील घरांत पूर्वापार चालत आलेला उपाय असा की पंख्याच्या पाठीवरचा कागदी बिल्ला सोलून आत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. उपाय खरोखर लागू पडतो, काही आठवडे.

या पंख्याचा इतिहास पाहिला तर तो उत्क्रांतीपेक्षा साथीच्या रोगाच्या इतिहासाला जवळचा वाटतो: येतो, पसरतो, ओसरतो आणि लोक विसरले की पुन्हा येतो. पहिली लाट २००० सालाच्या सुमाराची. त्या काळी चिपसेटचे दोन भाग असत, आणि त्यांपैकी प्रोसेसर, मेमरी व ग्राफिक्स यांची गाठ घालून देणारा वरचा भाग, ज्याला नॉर्थब्रिज म्हणत, चांगलाच तापे. २००४ च्या अखेरीस आलेल्या एनव्हिडियाच्या एनफोर्स-४ या चिपसेटने, ज्यात दोन्ही भाग एकाच चिपमध्ये कोंबले होते, या लाटेचा कळस गाठला. अनेक मदरबोर्डांवर ती चिप नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली येत असल्याने तिच्यावर उंच हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, बसवायला जागाच उरली नव्हती, आणि बुटक्या जागेत बुटका पंखा आला. त्याचा निषेध म्हणून लोकांनी तो उपटून झालमन या कोरियन कंपनीचा निळ्या ॲल्युमिनियमचा उंच ठोकळा बसवायला सुरुवात केली, तेव्हा २००५ मध्ये काही निर्मात्यांनीच हीटपाइप लावली. ही तांब्याची बंद नळी असते, तिच्यातला थेंबभर द्रव तापलेल्या टोकाला वाफ होतो, थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होतो आणि विनातक्रार, विनाआवाज उष्णता वाहून नेतो. दरम्यान मेमरी सांभाळण्याचे काम प्रोसेसरने स्वतःकडे घेतले, एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये, आणि नॉर्थब्रिजला हळूहळू फारसे काम न उरल्याने तो संस्थानिकांप्रमाणे इतिहासजमा झाला. त्यानंतर दहा-एक वर्षे बहुतेक मदरबोर्ड गप्प होते.

दुसरी लाट जुलै २०१९ ची. पीसीआय एक्सप्रेस नावाच्या, कार्डे आणि डिस्क यांना जोडणाऱ्या आतल्या रस्त्याची चौथी आवृत्ती एक्स५७० बरोबर आली आणि माहितीचा वेग तिसऱ्या आवृत्तीच्या दुप्पट झाला. वेगाबरोबर उष्णता आली, उष्णतेबरोबर पंखा आला, आणि जवळजवळ प्रत्येक एक्स५७० मदरबोर्डावर तो बसला. येथे अभ्यासकाने थांबून एक बारकावा नोंदवायला हवा. गिगाबाइट कंपनीच्या या मालिकेतील सर्वांत महागड्या मदरबोर्डावर पंखा नव्हता. तेथे चिप तीच, ११ वॅट तेच, फक्त वरचा धातू भरपूर होता. पुढे २०२१ मध्ये एक्स५७०एस या नावाने बिनपंख्याचे मदरबोर्ड सर्वांनीच आणले, आणि त्यांतही चिप मूलतः जुनीच होती. याचा सरळ अर्थ असा की पंखा उष्णतेने मागितला नव्हता. मग तो कोणी मागितला?

या प्रश्नाचे उत्तर मदरबोर्डाच्या सौंदर्यशास्त्रात सापडते. हीटसिंकचे काम त्याच्या पृष्ठफळावर चालते. जितक्या जास्त पातळ, उभ्या पट्ट्या, ज्यांना फिन म्हणतात, तितकी हवेला स्पर्श करणारी जागा जास्त. परंतु गेल्या दशकात मदरबोर्ड ही पेटीत झाकून ठेवण्याची वस्तू राहिली नाही. पेट्यांना काचेची दारे आली, आत रंगीत दिवे लागले, आणि चिपसेटवरच्या धातूला फिनऐवजी चिलखताचा घाट आला: सपाट, चकचकीत, त्यावर गरुडाचा डोळा, ड्रॅगन किंवा एखाद्या अंतराळयानाची आठवण करून देणाऱ्या रेघा. चिलखत योद्ध्याला वारापासून वाचवते, वाऱ्यापासूनही वाचवते, आणि हीटसिंकला नेमका वाराच हवा असतो. तेव्हा पट्ट्या गेल्या त्या जागी शोभा आली, शोभेने अडवलेली उष्णता काढायला पंखा आला, आणि पंखा दिसू नये म्हणून त्यावर पुन्हा शोभेची जाळी आली. शांततेच्या बाबतीत हा सौदा आतबट्ट्याचा होता असे येथे स्पष्टपणे नोंदवणे प्राप्त आहे.

मूळ भानगडीला सौंदर्यदृष्टीने जन्म देण्याची परंपरा संगणकाच्या इतिहासात जुनी आहे, मात्र पूर्वी ती उलट दिशेने चाले. १९८१ च्या आयबीएम पीसीत वीजपुरवठ्याच्या डब्यातच पंखा होता आणि त्याबद्दल कोणी लाज बाळगली नव्हती. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झ यांना मात्र पंख्याचा आवाज असह्य होता. १९८० साली बाजारात आलेल्या ॲपल-३ मध्ये पंखाही नव्हता आणि हवेसाठी झरोकेही नव्हते. बिघाडांच्या तक्रारी आल्या, चिपा आपापल्या खाचांतून सैल होत असल्याचे निदान झाले, आणि कंपनीच्या वतीने सांगितला गेलेला उपाय असा होता की यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडून द्यावे, म्हणजे चिपा पुन्हा जागेवर बसतील. रेडिओ आणि टीव्हीवर थाप मारून ते दुरुस्त करणाऱ्या भारतीय गृहस्थांना या उपायात काहीच नवल वाटणार नाही. २००० साली त्याच कंपनीचा पारदर्शक पेटीतला जी-४ क्यूब आला, तोही बिनपंख्याचा. तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पोहोचला आणि बाजारातून वर्षभरात बाद झाला. सारांश, पंखा नको असणारे आणि पंखा लपवू पाहणारे, दोघांनाही उष्णतेने आपापल्या पद्धतीने जाब विचारला आहे.

आता चिपसेटच्या पंख्याचा बंदोबस्त झाला असे गृहीत धरू. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ आज्ञावलीत, जाऊन त्याचा वेग कमी केला. नंतरच्या सुधारणांत अनेक निर्मात्यांनी ठराविक तापमानापर्यंत तो बंदच ठेवण्याची सोय दिली, तीही वापरली. घर शांत झाले. शांत संगणकाच्या शास्त्रातील मुख्य सिद्धान्त येथून पुढे सुरू होतो. यंत्रातील आवाजांची सरकारी कार्यालयात असते तशी सेवाज्येष्ठता यादी असते, आणि वरचा निवृत्त होताच खालचा आपोआप बढती घेऊन त्याच्या खुर्चीवर बसतो. कारण मोठा आवाज धाकट्याला झाकून टाकतो. ३५ डेसिबलच्या पंख्याशेजारी २५ डेसिबलचा दुसरा पंखा असेल तर तो दुसरा बंद केल्याने एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनेही कमी होत नाही, म्हणून तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पहिला गप्प झाला की तोच साहेब.

पहिली बढती बहुधा मोठ्या पंख्यांच्या जोडीला मिळते. एक मिनिटाला ९०० आणि दुसरा ९१८ फेरे घेत असेल तर त्यांचे सूर १०५ आणि १०७ हर्ट्झच्या आसपास पडतात, आणि दोघांच्या भांडणातून सेकंदाला सुमारे दोनदा फुगणारी आणि ओसरणारी घूं-घूं ऐकू येते. तानपुऱ्याची जोड जुळवताना हीच घूं-घूं ऐकून खुंटी पिळतात. संगणकात खुंटी नसल्याने एका पंख्याचा वेग बायोसमधून मुद्दाम शंभर-दीडशेने खाली आणतात. त्याहूनही वैताग देणारा प्रकार तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग सतत वरखाली होण्याचा. एकसारख्या आवाजाला मेंदू सरावतो, बदलत्या आवाजाला सरावत नाही, आणि नुसते एक पान उघडले तरी प्रोसेसर क्षणभर तापून पंखे सुस्कारा टाकतात. म्हणून जाणकार मंडळी वेगबदलाला काही सेकंदांचा विलंब लावून ठेवतात.

मग हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे १२० हर्ट्झची अखंड गुणगुण, शिवाय पत्र्याच्या पेटीने तिला दिलेली साथ. ती काढून फिरणारा एकही भाग नसलेली एसएसडी बसवली की या यादीतील सर्वांत गूढ नाव पुढे येते, कॉइल व्हाइन. मदरबोर्डावर आणि ग्राफिक्स कार्डावर वीज सुस्थिर करण्यासाठी तारांची वेटोळी असतात. त्यांतून जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा बदलला की चुंबकीय बलामुळे ती वेटोळी सूक्ष्म थरथरतात आणि किणकिणतात. खेळातल्या साध्या मेनूच्या पडद्यावर, जेथे ग्राफिक्स कार्डाला काम हलके असल्याने ते सेकंदाला हजारो चित्रे काढत सुटते, ही किणकिण टिपेला पोहोचते. काही संगणकांत तर माउसने पान सरकवताना पान सरकल्याचा आवाज येतो. यावर तेलाचा थेंब चालत नाही.

या टप्प्याला पोहोचलेल्या गृहस्थाचे कौटुंबिक जीवन पाहण्यासारखे असते. तो रात्री घरातल्यांना बोलावतो, सर्वांना श्वास रोखून उभे करतो आणि विचारतो, “ऐकू येतंय ना? बारीक, सूं असं?” घरातील लोक एकमेकांकडे पाहतात, आणि शेवटी पत्नी समजुतीच्या सुरात म्हणते, “अहो, तो फ्रिज आहे.” तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतो, सूंही थांबते, आणि गृहस्थाला यादीत आता संगणकाबाहेरची नावेही घ्यावी लागणार याची जाणीव होते. ही यादी कोठे संपते याचा शोध एका संगणक कंपनीनेच लावून ठेवला आहे. मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील रेडमंड येथे प्रतिध्वनिरहित खोली बांधली, जिथे उपकरणांचे बारीकसारीक आवाज तपासले जातात, आणि २०१५ मध्ये तेथे उणे २०.३५ डेसिबल इतकी शांतता नोंदली जाऊन तिला गिनेस विक्रम मिळाला. अशा खोलीत गेलेल्या माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके आणि सांध्यांची करकर ऐकू येऊ लागते. म्हणजे यादीच्या तळाशी स्वतः मालकच असतो.

भारतीय परिस्थितीत या सर्व साधनेला एक वेगळीच उंची प्राप्त होते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रातही रात्री ४० डेसिबलपर्यंत मुभा आहे. २० डेसिबलचा संगणक बांधणारा मनुष्य कायद्याने घोषित केलेल्या शांततेच्या शतांश ध्वनिशक्तीवर आपले यंत्र आणून ठेवतो, आणि खिडकीखालून रिक्षा जाते. शिवाय डोक्यावर छताचा पंखा असतो. तत्त्वतः हा पंखा आदर्श आहे: १,२०० मिलिमीटरचा व्यास, मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे, आणि तीन पात्यांमुळे येणारा सूर १७-१८ हर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकूच न येणारा. प्रत्यक्षात ऐकू येतो तो हवेचा घोंगाव, दांड्याची कुरकुर, आणि रेग्युलेटर दोनवर ठेवला असेल तर मोटरची गुरगुर. तो बंद करावा तर नागपूर-चंद्रपुराच्या मे महिन्यात माणूस आणि चिपसेट दोघेही तापतात. संगणकाच्या थंडाव्याबद्दलचा बहुतेक छापील सल्ला वीस-बावीस अंशांच्या खोल्यांतून आलेला आहे. खोलीच चाळीस अंशांवर गेली की त्या सल्ल्यातील प्रत्येक आकड्यात अठरा-वीस अंश मिळवून वाचावे लागते, आणि बायोसमध्ये थांबवून ठेवलेला चिमुकला पंखा उन्हाळ्याच्या पहिल्याच दुपारी पुन्हा जागा होतो.

शांत पंख्यांच्या बाजारात ज्या कंपनीचा शब्द प्रमाण मानला जातो ती नॉक्टुआ ही ऑस्ट्रियन कंपनी २००५ ची, आणि तिचे बोधचिन्ह घुबड. जाता जाता नोंदवायला हरकत नाही की ज्याच्या शास्त्रीय नावात हा शब्द येतो त्या लहान घुबडाचा महाराष्ट्रातील सख्खा भाऊबंद म्हणजे पिंगळा, आणि पिंगळ्याची ख्याती शांततेबद्दल मुळीच नाही. तिन्हीसांजेला आणि पहाटे तो जो कलकलाट करतो त्यापुढे एक्स५७० चा पंखा सौम्य म्हणावा.

चिपसेटच्या पंख्याची साथ सध्या ओसरली आहे. २०२० च्या जूनमध्ये आलेला बी५५० बिनपंख्याचाच होता, कारण त्या चिपसेटने स्वतः जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या रस्त्यावरच समाधान मानले होते, आणि २०२२ नंतरच्या बहुतेक मदरबोर्डांवर हा पंखा दिसत नाही. मात्र रस्त्याची पाचवी आवृत्ती आल्यावर त्या वेगाच्या पहिल्या एसएसडी दहा वॅटच्या आसपास तापू लागल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या डोक्यावर निर्मात्यांनी पंखे बसवले, चिपसेटच्या पंख्याहूनही लहान. ज्या हार्ड डिस्कचा आवाज नको म्हणून एसएसडी आली, त्या एसएसडीला आता स्वतःचा आवाज मिळाला आहे, आणि तो हार्ड डिस्कच्या गुणगुणीपेक्षा कितीतरी वरच्या पट्टीत आहे. पाचव्या आवृत्तीच्या वेगाचा फरक रोजच्या कामात बहुतेकांना जाणवत नाही; पंख्याचा जाणवतो. तेव्हा चौथ्या आवृत्तीची, साध्या धातूच्या पट्टीखाली थंड राहणारी एसएसडी घेणे हेच शहाणपणाचे.

ज्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा अन्यत्र २०१९ ते २०२१ च्या काळातला जुना मदरबोर्ड स्वस्तात मिळत असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी चिपसेटवरच्या चिलखताला जाळी आहे का ते पाहावे. जाळी असेल तर तिच्याखाली पंखा असतो. मदरबोर्ड दुकानातच सुरू करून घ्यावा आणि कान जवळ नेऊन ऐकावे, कारण त्या पंख्याची जाडी, स्क्रूची छिद्रे आणि वायरचे टोक बहुधा त्या मॉडेलपुरतेच असते, आणि तो बिघडल्यावर सुटा मिळणे कठीण जाते.